दालमिलच्या डक्टमध्ये हवेची वाटणी कशी होते: देखभालीचे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या दालमिलमध्ये देखभालीच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक तक्रार ऐकावी लागते. एलिव्हेटरच्या, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या यंत्राच्या, बुडाशी धूळ चांगली ओढली जाते, पण पलीकडच्या चाळणीवर मात्र धुळीचा ढग उभा असतो. ब्लोअर एकच, मुख्य डक्ट एकच आणि दोन्ही यंत्रांकडे जाणारे पाइपही एकाच मापाचे. तरीही एका तोंडाशी जोरदार ओढ आणि दुसऱ्या तोंडाशी नुसती झुळूक, असे का होते? त्यावर मिलमध्ये बहुधा एकच उपाय सुचवला जातो: "भाऊ, ब्लोअरच मोठा बसवू, म्हणजे कटकट मिटली." हा उपाय महाग आहे आणि बहुतेक वेळा चुकीचाही आहे. तो चुकीचा का आहे हे ज्याला कळले, त्याला या लेखातले निम्मे कळले, म्हणून त्याचा हिशेब पुढे आकड्यांनिशी मांडला आहे.

मूळ नियम आधी समजून घेऊ. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतांना वाटून देण्याच्या जुन्या पद्धतीत, कोणत्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे पाटकरी ठरवतो. डक्टमध्ये असा पाटकरी नसतो. कोणत्या यंत्राला हवेची किती गरज आहे हे हवेला ठाऊक नसते. तिला फक्त अडथळा कळतो. दोन शाखा, म्हणजे मिलच्या बोलीतल्या दोन 'लाइनी', ज्या सांध्यावर एकत्र येतात तिथे दाब एकच असतो, आणि दोन्ही लाइनींच्या उघड्या तोंडांबाहेरची हवाही एकाच दाबाची असते. त्यामुळे तोंडापासून सांध्यापर्यंत होणारी दाबाची घट दोन्ही लाइनींत सारखीच असावी लागते, आणि ती सारखी होईल अशा बेताने हवा आपली आपण वाटली जाते. ही घट हवेच्या प्रमाणाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच पाइपातून दुप्पट हवा न्यायची तर चौपट दाब लागतो. हेच उलट वाचायचे तर एकाच मापाच्या दोन पाइपांपैकी एकाचा अडथळा चौपट असेल, तर त्यातून निम्मीच हवा जाते.

आधी पाहायच्या साध्या गोष्टी

कागद-पेन्सिल हातात घेण्याआधी मिलमध्ये एक फेरी मारावी. पहिली तपासणी ब्लोअरच्या फिरण्याच्या दिशेची. मोटरचे कनेक्शन काढून पुन्हा जोडताना दोन फेज उलटसुलट झाले, की पंखा उलटा फिरू लागतो. पण गोगलगाईच्या आकाराच्या सेंट्रिफ्यूगल ब्लोअरमध्ये पंखा उलटा फिरला तरी हवा येते त्याच बाजूने आणि जाते त्याच बाजूने, फक्त तिचे प्रमाण आणि दाब पुष्कळ घटतात. बाहेरून सगळे ठीक दिसते, आवाजही येतो, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. ब्लोअर बंद होऊन पंख्याची गती मंदावताना त्याची दिशा ब्लोअरच्या अंगावरच्या बाणाशी ताडून पाहावी.

दुसरी तपासणी गळतीची. नव्या माणसाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, की ओढीच्या बाजूचे प्रत्येक भोक ही एक शाखाच असते आणि तीही अगदी कमी अडथळ्याची. सायक्लोनच्या, म्हणजे हवा गोल फिरवून तिच्यातली धूळ वेगळी करणाऱ्या शंकूच्या, बुडाशी फिरणारा एअर लॉक असतो; तो धूळ खाली सोडतो पण हवा आत येऊ देत नाही. त्याच्या पात्यांचे रबर झिजले, तर ब्लोअर सायक्लोननंतर बसवलेल्या रचनेत बाहेरची हवा बुडातून थेट आत शिरते. यंत्रांकडून यायला हवी असलेली हवा त्या वाटेने येऊ लागते, आणि शिवाय बुडाशी जमलेली धूळ पुन्हा वर उडून चिमणीतून बाहेर पडते. छपरावर कोंड्याचा थर दिसू लागला, तर आधी तिथे पाहावे. फ्लॅन्जचे फाटलेले गास्केट, सफाईच्या झडपेचे निसटलेले झाकण आणि लवचीक पाइपाला पडलेली चीर यांचेही असेच. गळती शोधायला पातळ पॉलिथिनची बोटभर पट्टी काडीला बांधून सांध्यांजवळ धरावी. काही ठिकाणी यासाठी अगरबत्ती वापरतात, ती मुळीच वापरू नये. डाळीची आणि कोंड्याची बारीक धूळ हवेत मिसळलेली असताना ठिणगीने पेट घेते आणि बंद जागेत तिचा स्फोट होऊ शकतो. याच कारणाने डक्टला भोक पाडायचे किंवा वेल्डिंग करायचे असेल, तेव्हा मिल बंद, मुख्य स्विच काढून कुलूपबंद आणि आतली धूळ साफ, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय हत्याराला हात लावू नये.

तिसरी तपासणी कानाने होते. लाइन बंद असताना आडव्या पाइपाच्या तळाला बोटाच्या पेराने ठोकत जावे. रिकामा पत्रा टणटण वाजतो. आत धूळ बसली असेल तिथे आवाज भद्द येतो आणि बोटालाही जडपणा जाणवतो.

लाइनींचा नकाशा आणि अडथळ्याची मोजणी

आता एका मोठ्या कागदावर लाइनी काढाव्यात. प्रत्येक लाइनीची लांबी, व्यास, बेंड किती, सांधा टीचा (काटकोनातला) की वायचा (तिरका) आणि तोंडाला हूड, म्हणजे धूळ ओढून घेणारे झाकण, कसा आहे, एवढे लिहिले की पुरे. पत्र्याचा गेज किंवा रंग लिहीत बसू नये.

अडथळा मोजण्याचे सोयीचे एकक म्हणजे गतिदाब, म्हणजे हवेला त्या वेगापर्यंत आणण्यासाठी लागणारा दाब. तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजला, तर नेहमीच्या हवेसाठी एक सोपे सूत्र आहे: वेग मीटर प्रतिसेकंद = ४.०४ गुणिले गतिदाबाचे वर्गमूळ. वेग २० मीटर असेल, तर गतिदाब साधारण २४.५ मिलिमीटर येतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवा ८ ते १० टक्क्यांनी विरळ होते आणि ४.०४ च्या जागी सुमारे ४.२ घ्यावे लागतात. उन्हाळ्यात ब्लोअर तेवढीच घनमीटर हवा ओढतो, पण दाब कमी दाखवतो, आणि म्हणूनच जानेवारीतल्या नोंदी मे महिन्यातल्या नोंदींशी जशाच्या तशा ताडू नयेत. दोन लाइनींमधली वाटणी मात्र उन्हाळ्याने बदलत नाही, कारण हवा दोघींसाठीही सारखीच विरळ झालेली असते.

उदाहरण घेऊ. दोन्ही लाइनी १५० मिलिमीटर व्यासाच्या आहेत. एलिव्हेटरची लाइन ३ मीटर लांब असून तिच्यात एकच बेंड आहे. चाळणीची लाइन १२ मीटर लांब असून तिच्यात तीन बेंड आहेत. या मापाच्या पत्र्याच्या पाइपात घर्षणाने दर मीटरला साधारण ०.१३ गतिदाब खर्च होतो. मोठ्या वळणाच्या चांगल्या बेंडला ०.३ धरावा, फ्लॅन्ज, म्हणजे पत्र्याची रुंद कड, असलेल्या तोंडाला ०.५, आणि ३० अंशांच्या कोनात मिळणाऱ्या वायला ०.२, शिवाय थांबलेल्या हवेला वेग देण्यासाठी प्रत्येक लाइनीत एक पूर्ण गतिदाब लागतोच. बेरीज केली, की एलिव्हेटरच्या लाइनीचे २.४ होतात आणि चाळणीच्या लाइनीचे ४.२.

लांबी चौपट असूनही अडथळा चौपट झालेला नाही, इकडे लक्ष द्यावे. तोंडाशी आणि वेग देण्यात होणारा खर्च दोघींना सारखाच आहे, आणि छोट्या लाइनीत तोच जास्त भरतो. नुसत्या लांबीवरून अंदाज बांधणारे अनेक फॅब्रिकेटर इथेच फसतात.

४.२ ला २.४ ने भागले की १.७५ येतात, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १.३२. म्हणजे चाळणीतून एक भाग हवा येते तेव्हा एलिव्हेटरकडून १.३२ भाग येते. दोन्ही मिळून तासाला २३०० घनमीटर हवा ओढली जात असेल, तर एलिव्हेटरला १३१० आणि चाळणीला ९९० घनमीटर मिळते. पाइपातला वेग काढला तर पहिल्या लाइनीत २०.६ आणि दुसरीत १५.६ मीटर प्रतिसेकंद येतो. पडताळा पाहा: २०.६ मीटरचा गतिदाब २६ मिलिमीटर, त्याला २.४ ने गुणले की ६२, १५.६ मीटरचा गतिदाब सुमारे १५ मिलिमीटर, त्याला ४.२ ने गुणले की जवळजवळ ६३. दोन्हीकडची घट सारखी आली, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

धान्याची धूळ आडव्या पाइपात तरंगत राहण्यासाठी १८ ते २० मीटर वेग लागतो. चाळणीच्या लाइनीत तो १५.६ आहे, म्हणून तिथे धूळ खाली बसू लागते. धूळ बसली की पाइपाचे तोंड अरुंद होते, अडथळा वाढतो, हवा आणखी कमी येते आणि धूळ आणखी बसते. त्यामुळेच सुरुवातीला थोडी कमी वाटणारी ओढ दोन-तीन महिन्यांत जवळजवळ बंद पडते.

आता मोठ्या ब्लोअरचा किंवा पुली बदलून वेग वाढवण्याचा विचार करू. ब्लोअरचे फेरे वाढवले, की हवा त्याच प्रमाणात वाढते, पण दोन्ही लाइनींत सारख्याच पटीने वाढते, आणि १.३२ चे प्रमाण तसेच राहते. चाळणीच्या लाइनीत १८ मीटर वेग आणायचा, तर फेरे १५ टक्क्यांनी वाढवावे लागतील. मोटरवरचा भार फेऱ्यांच्या घनाने वाढतो, त्यामुळे वीज जवळपास ५४ टक्के जास्त लागेल. एवढे करून एलिव्हेटरच्या लाइनीत वेग २३.८ मीटर होईल; तिथे कोणी मागितली नव्हती ती हवा वाया जाईल आणि तिच्याबरोबर कोंड्यासोबत चांगली चुरीही ओढली जाईल. एवढे झाल्यावर मालक वीजबिल हातात घेऊन विचारायला येतात, तेव्हा उत्तर कोणाकडेच नसते.

मोजमाप

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड-दोन मीटर घ्यावी, फळीवर यूच्या आकारात बसवावी, मागे मिलिमीटरचा कागद चिकटवावा आणि नळीत निळीचे दोन थेंब घातलेले पाणी भरावे. हूडपासून पाइपाच्या व्यासाच्या साधारण तिप्पट अंतरावर पाइपाला ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, आतली धार कानशीने काढून टाकावी आणि नळीचे एक टोक त्या भोकावर घट्ट धरावे. दुसरे टोक उघडे ठेवावे. एका बाजूचे पाणी वर चढते, दुसऱ्या बाजूचे खाली उतरते. या दोन पातळ्यांमधले पूर्ण अंतर म्हणजे दाब. नवखा माणूस शून्याच्या रेषेपासून एकाच बाजूची चढ मोजतो आणि निम्माच दाब लिहितो.

वरच्या उदाहरणात एलिव्हेटरच्या भोकावर ३९ मिलिमीटर आणि चाळणीच्या भोकावर २२ मिलिमीटर दिसतील. तोंडाचा खर्च ०.५ आणि वेग देण्याचा १, असे दीड गतिदाब या आकड्यात असतात, म्हणून त्याला दीडने भागावे, वर्गमूळ काढावे आणि ४.०४ ने गुणावे. ३९ वरून २०.६ मीटर वेग येतो. हूडचा आकार वेगळा असेल तर हा दीडचा आकडाही बदलतो. फ्लॅन्ज नसलेल्या साध्या कापलेल्या तोंडाला ०.५ च्या जागी सुमारे ०.९ धरावे लागतात. तोंडाला पत्र्याची रुंद कड लावून एवढा फरक पडतो, हे आधी मला स्वतःलाही खरे वाटत नव्हते.

या मापाने मी एकदा चांगलाच फसलो आहे. एका मिलमध्ये पॉलिशरच्या लाइनीवरचा दाब एका आठवड्यात ३० वरून ४५ मिलिमीटरवर गेला, आणि ओढ वाढली असे समजून मी वहीत खुशाल बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशी पॉलिशरवरच्या माणसाने बोलावून दाखवले: हूडच्या जाळीवर बारदानाचा वीतभर तुकडा चिकटला होता. भोक आणि तोंड यांच्या मधला अडथळा वाढला, की हवा घटते पण भोकावरचा दाब वाढतो. याउलट भोक आणि ब्लोअर यांच्या मधे काही तुंबले किंवा कुठे गळती सुरू झाली, तर दाब घटतो. त्यामुळे आकडा वाढला काय किंवा घटला काय, दोन्ही वेळा जागेवर जाऊन पाहावे.

वाटणी दुरुस्त करणे

उदाहरणातल्या दोन्ही लाइनींना ११५० घनमीटर द्यायचे ठरवू. त्या प्रमाणात पाइपातला वेग १८ मीटर आणि गतिदाब २० मिलिमीटर येतो. चाळणीच्या लाइनीला ४.२ गुणिले २० म्हणजे ८४ मिलिमीटर लागतात आणि एलिव्हेटरच्या लाइनीला फक्त ४८. मधले ३६ मिलिमीटर एलिव्हेटरच्या लाइनीत मुद्दाम खर्च करायचे आहेत, आणि त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे स्लाइड किंवा डॅम्पर, म्हणजे पाइपातली वाट कमी-जास्त करणारी पत्ती. तो स्वस्त आहे, लगेच बसतो आणि हाताने जुळवता येतो. पण जो हाताने जुळवता येतो, तो हातानेच बिघडतो. एलिव्हेटरवरच्या कामगाराला वाटते की आपली स्लाइड अर्धी बंद का. तो ती उघडतो आणि चाळणीची ओढ पुन्हा जाते. शिवाय अर्धवट बंद पत्तीमागे धूळ आणि सुतळी अडकते.

दुसरा मार्ग म्हणजे पाइपाचा व्यास कमी करणे, आणि धुळीच्या लाइनीत मी नेहमी तोच निवडतो. एलिव्हेटरची ३ मीटरची लाइन १५० ऐवजी १३० मिलिमीटरची केली, तर त्याच ११५० घनमीटरला वेग २४ मीटर होतो आणि दाबाची घट सुमारे ८७ मिलिमीटर भरते, म्हणजे ८४ च्या अगदी जवळ. व्यासात फक्त २० मिलिमीटरचा फरक आणि वाटणी जुळली. व्यासाचा परिणाम इतका तीव्र असण्याचे कारण असे, की तेवढीच हवा नेताना घर्षणाची घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलते. वेग वाढल्याने बेंडचा बाहेरचा पत्रा लवकर झिजतो, म्हणून तिथे जाड पत्रा लावावा.

तिसराही एक विचार आहे, तो म्हणजे चाळणीच्या लाइनीचा अडथळाच कमी करणे. तीनपैकी एखादा बेंड टाळता येतो का, जोडलेला लवचीक पाइप दीड मीटरऐवजी अर्ध्या मीटरवर आणता येतो का, हे पाहावे; घड्या पडलेल्या लवचीक पाइपाचा अडथळा पत्र्याच्या पाइपापेक्षा कितीतरी जास्त असतो. काटकोनात घुसवलेल्या टीला ०.२ ऐवजी जवळजवळ एक पूर्ण गतिदाब लागतो, म्हणून सांधा शक्यतो ३० अंशांचा, फार तर ४५ अंशांचा वायच असावा. सांध्यानंतर मुख्य डक्टचा व्यासही वाढवावा लागतो: इथे दोन्ही मिळून २३०० घनमीटर हवेला सुमारे २१० मिलिमीटरचा डक्ट हवा. पुढेही १५० चाच पाइप ठेवला, तर वेग ३६ मीटर होतो आणि दाब त्यातच संपतो.

लाइनी पाच-सहा असतील आणि स्लाइडच वापरायच्या असतील, तर जुळवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्या स्लाइड पूर्ण उघडून प्रत्येक लाइनीची हवा मोजावी आणि तिला हव्या असलेल्या हवेने भागावे. जिचा भागाकार सर्वांत कमी, ती लाइन कायम पूर्ण उघडी ठेवावी. त्यानंतर कमी भागाकाराकडून जास्तीकडे जात एकेका स्लाइडला थोडे थोडे बंद करून सगळ्यांचे भागाकार सारखे करावेत. या टप्प्यावर हवेचा नेमका आकडा गाठण्याच्या मागे लागू नये, कारण एक स्लाइड हलवली की बाकी सगळ्यांची हवा बदलते. भागाकार सारखे झाले, की शेवटी पुली बदलून ब्लोअरचे फेरे जुळवावेत. फेऱ्यांनी वाटणी बदलत नाही, हा वर ज्याने निराश केले तोच नियम इथे उपयोगी पडतो. पुली बदलल्यावर टाँग टेस्टरने, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून वीजप्रवाह मोजणाऱ्या मीटरने, मोटरचे अँपिअर पाहिल्याशिवाय जागा सोडू नये. फेरे १० टक्क्यांनी वाढले तर भार ३३ टक्क्यांनी वाढतो.

एखादे यंत्र बंद असताना त्याची स्लाइड बंद करण्याची सवय चांगली वाटते, पण ती जपून लावावी. एक लाइन बंद केली की बाकीच्या लाइनींची ओढ वाढते, मात्र एकूण हवा घटते, आणि तीन-चार लाइनी एकदम बंद झाल्या तर मुख्य डक्टमधला वेग १८ मीटरच्या खाली जाऊन धूळ तिथे बसते.

इथपर्यंतचे सगळे ओढीच्या बाजूचे झाले. फुंकीच्या बाजूला, उदाहरणार्थ मंगल कार्यालयातल्या डक्ट कूलरला, वेगळाच अनुभव येतो. एका मापाच्या लांब डक्टला सारखी भोके पाडली, तर कूलरजवळच्या भोकापेक्षा टोकाच्या भोकातून जास्त हवा येताना दिसते, कारण वाटेत हवा बाहेर पडत गेल्याने डक्टमधला वेग कमी होतो आणि त्या वेगाचा काही भाग दाबात परत मिळतो. तिथे स्वच्छ हवा असल्यामुळे स्लाइड लावायला हरकत नाही.

सगळे जुळले की प्रत्येक मोजमापाच्या भोकाला रबराचे बूच लावावे आणि त्याच्या बाजूला पत्र्यावर ऑइलपेंटने तारीख, दाबाचा आकडा आणि तोंड उघडे होते की यंत्र चालू होते हे लिहावे. स्लाइड असेल तर तिची जागा रंगाच्या रेघेने खुणावून नट आवळावा. पुढची तपासणी महिन्याने करायची, आणि आकडा पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलला असेल, तर यंत्र बंद करून आधी त्या लाइनीच्या आडव्या भागाला बोटाने ठोकून पाहायचे.